रिबॉन्डिंगचे केस, मे महिना आणि नवरीचे कर्ल: एका लग्नाची नोंद

नवरी पुण्याची, लग्न रत्नागिरीत, मुहूर्त मे महिन्यातला. केस आठ महिन्यांपूर्वी रिबॉन्डिंग केलेले, म्हणजे रसायनानं कायमचे सरळ केलेले, लांबी कमरेच्या चार बोटं वर. मागणी अशी की सकाळी विधींना भरगच्च अंबाडा आणि पुढे उठलेला पफ, संध्याकाळी रिसेप्शनला मोकळे मोठे कर्ल, तेही रात्री दहापर्यंत टिकलेले. नमुना म्हणून तिनं फोनवर जो फोटो पाठवला, त्यातल्या मुलीचे केस मूळचेच लाटदार होते. शिवाय तिच्या डोक्यामागे भिंतीवर एसी दिसत होता.

अशी गिऱ्हाइकं आता दर सीझनला येतात. आधी केस सरळ करायला पैसे मोजायचे आणि लग्नाच्या दिवशी तेच केस कुरळे मागायचे. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही. रोज सकाळी लोकल किंवा स्कूटर गाठणाऱ्या मुलीला सरळ केस सोयीचे असतात, आणि तेच केस लग्नाच्या फोटोत डोक्याला चिकटून बसल्यासारखे दिसतात. यावर आम्हा पार्लरवाल्यांचं ठरलेलं उत्तर म्हणजे टाँग (केस गुंडाळून कुरळे करायची गरम नळी) आणखी तापवा, स्प्रे आणखी मारा. मीही कित्येक वर्षं तेच केलं. या लग्नाच्या वेळी मात्र दोनदा ट्रायल घेतली, दोऱ्यानं मापं घेतली आणि वहीत टिपून ठेवली. ती वही समोर ठेवूनच हे लिहिते आहे.

आधी नेमकं काय केलं होतं?

पहिली भेट एप्रिलच्या सुरुवातीला. नवरी, तिची आई आणि आजी. आजी इथलीच, रत्नागिरीची.

"ताई, मी केरॅटिन केलंय," नवरी म्हणाली. हे वाक्य मी कधीच तसंच धरून चालत नाही. पार्लर बिलावर जे लिहितं आणि केसात जे गेलेलं असतं, त्यात पुष्कळदा काही नातं नसतं. म्हणून मी विचारत गेले. क्रीमचा वास कसला होता? "सडक्या अंड्यासारखा." इस्त्री झाल्यावर दुसरं क्रीम लावलं? लावलं. तीन दिवस केस बांधू नका, भिजवू नका असं सांगितलं? सांगितलं. इस्त्री फिरवताना डोळे चुरचुरले? नाही. म्हणजे ते केरॅटिन नव्हतं, रिबॉन्डिंगच होतं.

हा फरक कळल्याशिवाय पुढचं काहीच ठरवता येत नाही. रिबॉन्डिंगच्या पहिल्या क्रीममध्ये थायोग्लायकोलेट असतं. ते केसातले गंधकाचे बंध तोडतं. मग इस्त्रीनं केस ताणून सरळ केला जातो, आणि दुसऱ्या क्रीममधलं हायड्रोजन पेरॉक्साइड त्या सरळ अवस्थेतच बंध पुन्हा जोडतं. एवढा केस कायमचा सरळ झाला, तो वाढून कापला जाईपर्यंत. केरॅटिन म्हणून जे चालतं त्यात बहुतेकदा फॉर्मल्डिहाइड सोडणारं द्रव्य किंवा ग्लायॉक्झिलिक आम्ल असतं. त्याचा परिणाम काही महिन्यांत धुऊन उतरत जातो. फॉर्मल्डिहाइडवालं असेल तर इस्त्रीच्या वेळी डोळ्यांतून पाणी येतं, आणि पुढे टाँग लावला तरी तोच धूर पुन्हा सुटू शकतो. ग्लायॉक्झिलिक आम्लाच्या स्ट्रेटनिंगनंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याची प्रकरणं तर वैद्यकीय नियतकालिकांत छापून आली आहेत. 'काय लावलं होतं' हे विचारणं म्हणजे चोंबडेपणा नाही, हे गिऱ्हाइकालाही एकदा सांगून टाकावं.

मग केस पाहिले. केस महिन्याला एक सेंटीमीटरच्या आसपास वाढतो. तिच्या मुळाशी पाच बोटं नवीन केस होता, अंगची हलकी लाट असलेला, दाट. त्याखाली एकदम सपाट, चमकदार पण पोकळ वाटणारा केस. दोन्ही जिथे मिळतात तो पट्टा सगळ्यात नाजूक, कारण वरचा केस एका चालीनं वाकतो आणि खालचा दुसऱ्या. कंगवा तिथेच अडतो आणि केस तिथेच तुटतो.

एक-एक केस ओला करून ताणून पाहिला. निरोगी ओला केस आपल्या लांबीच्या साधारण ३० टक्के ताणला जातो आणि सोडला की परत येतो. मुळाकडचा आला. मधला आला, जरा उशिरा. टोकाकडचा चार बोटांचा भाग मात्र जुन्या इलॅस्टिकसारखा नुसता लांबला आणि तसाच राहिला.

नवरीच्या आईनं विचारलं, "मुळाशी दोन रंग दिसतात तसं दिसतंय. लग्नाआधी एकदा टच-अप करून घ्यायचं का?" मी नको म्हटलं. ती पाच बोटं हीच आमची कमाई होती. पफ उठणार तो त्याच केसावर. तो सरळ केला असता तर डोक्यावर उचलायला काही उरलंच नसतं. मग त्यांनी दुसरं टोक गाठलं, "मग कुरळेच हवेत तर पर्म करून टाका." तेही नको. पर्ममध्येही तेच थायोग्लायकोलेट, आमच्या भाषेत थायो. एकदा तुटून जोडलेले बंध पुन्हा तोडायचे, तेही टोकाला जीव नसलेल्या केसावर आणि लग्नाला महिना राहिलेला असताना. कर्ल येतील, आणि पुढच्या आठवड्यात फणीत गुंतवळही येईल.

टोकं कापायला मात्र लावली. लग्न तोंडावर असताना केस कापायचे, हे आजीला अजिबात पटलं नाही. चार बोटं गेली आणि खालच्या अर्ध्या भागात लांब लेयर दिले. एकाच लांबीत कापलेल्या केसाचा सगळा भार खाली ओढतो, आणि सरळ केलेला केस आधीच उतरायला टेकलेला असतो. लेयरनं तो भार वाटला जातो.

"कात्री लावलीस ती लावलीस," आजी म्हणाल्या, "तेल तरी घालू देशील की नाही गो?"

मस्कतमधली शिकवण

मी रत्नागिरीत पार्लर टाकण्याआधी चार वर्षं मस्कतला एका सलूनमध्ये होते. रत्नागिरीत ज्याच्या घरातलं कुणी आखातात गेलेलं नाही असा माणूस शोधावा लागतो, तेव्हा यात सांगण्यासारखं विशेष काही नाही. तिथे माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक केनियाची बाई काम करायची. तिची गिऱ्हाइकं आफ्रिकन, केस रिलॅक्सर लावून सरळ केलेले. रिलॅक्सर हे आपल्या रिबॉन्डिंगपेक्षा वेगळं आणि जास्त जहाल रसायन आहे. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड नाहीतर त्याच घराण्यातलं दुसरं काहीतरी असतं, आणि ते इतकं अल्कधर्मी असतं की टाळूला लागलं तर भाजतं. गंधकाचा बंध तिथे तुटून परत जोडला जात नाही. दोन गंधकांच्या जागी एकच गंधक उरलेला नवा बंध तयार होतो, आणि तो पर्मच्या औषधाला दाद देत नाही. म्हणून रिलॅक्सर लावलेल्या केसावर थायो किंवा थायोवर रिलॅक्सर कधीच चालवायचं नाही. केस हातात येतो. आपल्याकडे आखातातून किंवा आफ्रिकेतून परत आलेल्या बायका पार्लरमध्ये येतात, त्यांना हा प्रश्न आवर्जून विचारावा.

तर त्या केनियाच्या बाईच्या गिऱ्हाइकांनाही हेच हवं असायचं: सरळ केलेल्या केसात फुगवटा आणि कर्ल. मी तिला टाँग हातात घेताना क्वचित पाहिलं. ओले केस, लोशन, रोलर, डोक्यावर हूड ड्रायर, म्हणजे टोपासारखा गरम हवेचा ड्रायर, हातात मासिक. तास-सव्वा तास. बाई उठायची तेव्हा डोक्यावर लाटा असायच्या आणि त्या चार-चार दिवस टिकायच्या. तेव्हा मला ते जुनाट वाटायचं. आमच्याकडे वीस मिनिटांत टाँगनं होतं ते ही तासभर करते, असं मनात यायचं.

आता कारण कळतं. केसाचा आकार मुख्यतः दोन प्रकारच्या बंधांवर ठरतो. गंधकाचे बंध पक्के, ते रसायनानंच तुटतात, आणि आपल्या नवरीच्या केसात ते 'सरळ' म्हणून गोठलेले. उरले हायड्रोजन बंध. ते कच्चे असतात, पाण्यानं सुटतात, उष्णतेनंही सुटतात, आणि केस वाळताना किंवा थंड होताना ज्या आकारात असेल त्या आकारात पुन्हा बसतात. कर्ल उभा राहणार तो फक्त यांच्या जिवावर. टाँग कोरड्या केसावर आठ-दहा सेकंद फिरतो, त्यात जितके सुटतील तितकेच. केस पूर्ण ओला असेल तर जवळजवळ सगळे सुटतात, आणि रोलरवर वाळला तर सगळे गोलाईतच बसतात.

म्हणजे ओल्या केसावर टाँग लावायचा? चुकूनही नाही. आतलं पाणी वाफ होऊन बाहेर पडायला वाट शोधतं, केसाच्या आत बुडबुडे धरतात आणि तिथून केस मोडतो.

दोन ट्रायल

पहिली ट्रायल त्याच दिवशी, अर्ध्या-अर्ध्या डोक्यावर. उजवीकडे टाँग, १८० अंश, आधी हीट प्रोटेक्टंट, प्रत्येक बट गरम असताना हातावर झेलून क्लिप केलेली. डावीकडे जाळीचे प्लॅस्टिकचे रोलर, सेटिंग लोशन, हूड ड्रायर. माप गजऱ्याच्या दोऱ्यानं घेतलं, कानापासून टोकापर्यंत. सरळ केस पावणेतीन विती. सोडल्यावर दोन्हीकडे दोन वितींच्या आत. फोटो काढला तर उजवी बाजू जास्त देखणी, हे कबूल करते.

मग तिला बाहेर पडवीत बसवलं, पंख्याशिवाय. तासाभरानं उजवीकडच्या बटा अडीच वितींच्या खाली उतरलेल्या, टोकाला नुसतं वळण. डावीकडे दोन बोटं उतरली होती. तिघी चहा पिऊन, बाजार करून पाच तासांनी परत आल्या तेव्हा डावी बाजू चार बोटं उतरलेली, पण कर्ल म्हणण्यासारखी. उजवी बाजू रिबॉन्डिंगवाल्यांनी जशी घरी पाठवली असेल तशी.

दुसरी ट्रायल नवरीनं स्वतःच पुण्यात करून टाकली. हूडखाली बसायचा तिला कंटाळा आला होता. कुठेतरी पाहून तिनं जवस उकळून त्याचं जेल केलं, ओल्या केसांना लावलं, फोमच्या वाकणाऱ्या कांड्यांवर केस गुंडाळले आणि झोपली. सकाळी फोन: "ताई, काय मस्त आलेत! ऑफिसला जाऊन आले तरी तसेच आहेत. ड्रायरबियर काही नको आपल्याला."

मी म्हटलं, इथे येशील तेव्हा पुन्हा कर.

लग्नाच्या आठवडाभर आधी ती आली आणि आजीच्या घरी तेच केलं. तोच जवस, त्याच कांड्या. सकाळी आतल्या तीन कांड्यांवरचा केस अजून ओला. बाहेरचे कर्ल आठ वाजता छान, दहा वाजता चिकट, जेवायच्या वेळेपर्यंत दोऱ्यासारखे लोंबलेले. शिवाय कांड्यांवर डोकं टेकवून तिला धड झोपही लागली नव्हती, आणि लग्नाच्या आदल्या रात्री ते परवडणारं नव्हतं.

यात जवसाचा काही दोष नाही. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा खडखडीत कोरडी असते, रत्नागिरीत मे महिन्यात टॉवेल वाळत नाही. केस हवेतलं पाणी ओढतो. हवा पूर्ण दमट असली तर तो आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी धरून बसू शकतो, आणि रसायनानं सच्छिद्र झालेला केस ते लवकर ओढतो. पाणी शिरलं की हायड्रोजन बंध पुन्हा सुटले, आणि केस आपल्या पक्क्या आकाराकडे निघाला. तिच्यासाठी तो पक्का आकार सरळ. मूळच्या कुरळ्या केसाची बाई कोकणात आली तर तिचा केस फुगतो, हिचा पडतो. कारण एकच.

जवसाचा चीक स्वतःही पाणी धरतो, म्हणून तो मऊ पडून चिकटला. बाटलीतल्या लोशनचंही तसंच असतं, म्हणून मागचं बारीक अक्षर वाचावं. केस धरून ठेवणारा घटक म्हणून नुसतं पीव्हीपी लिहिलेलं असेल तर ते दमट हवेत चिकटतं. व्हीपी/व्हीए कोपॉलिमर लिहिलेलं असेल तर ते पाण्याला जास्त तोंड देतं. मी पुढे त्याच घटकाचं लोशन आणि तशाच घटकाचा स्प्रे वापरला. कंपनी कोणती यानं फार फरक पडत नाही, हा घटक पाहावा.

ठरलेला बेत

माझ्या मते या कामाचा सगळा कस एका गोष्टीत आहे: केस गोल आकारात पूर्ण वाळू द्यायचा, पूर्ण थंड होऊ द्यायचा, आणि मग त्याला सरळ व्हायची संधीच द्यायची नाही. तिसरा भाग आम्ही हमखास विसरतो. सकाळी अंबाड्यासाठी केस ताणून चापून बसवायचे आणि दुपारी तेच केस सोडून टाँग घेऊन बसायचं, म्हणजे दोनदा मेहनत आणि एकदाही धड नाही. घामानं ओलसर झालेला केस दिवसभर ताठ बांधून ठेवला तर तो आपण पुन्हा सरळच सेट केला की!

म्हणून अंबाडाच कर्लचा करायचं ठरवलं. पहाटे रोलर सेट. रोलर काढल्यावर मागच्या बटा न विंचरता, न ताणता, जशा गोल सुटतील तशाच परत गुंडाळून यू-पिनांनी डोक्याला बसवायच्या. अशा पंधरा-सोळा गुंडाळ्या एकमेकींना चिकटून बसल्या की बाहेरून भरगच्च अंबाडा दिसतो. वर मोगऱ्याचे गजरे आले की आत काय आहे हे कुणाला कळत नाही. संध्याकाळी पिना काढायच्या आणि केस सोडायचा. म्हणजे अंबाडा हाच दिवसभराचा रोलर.

तेलाचा प्रश्न राहिला होता. आजीचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं. मुंबईतल्या मॅरिको या कंपनीत तेव्हा काम करणाऱ्या आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांचा यावरचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात सूर्यफूल आणि खनिज तेलाला ते जमलं नव्हतं. पण सेट करायच्या केसात तेल राहिलं तर पाणी आणि लोशन बसतच नाही. तेव्हा तोड अशी काढली की लग्नाच्या चार दिवस आधी आजींनी हवं तेवढं तेल घालावं, दोन तास ठेवावं आणि न्हायला घालावं. त्यानंतर तेल बंद, सिरम बंद. हळदीच्या रात्री खोल सफाईचा शॅम्पू दोन वेळा आणि कंडिशनर फक्त टोकांना. आजी "बरं" म्हणाल्या, पण तोंड फिरवून.

लग्नाचा दिवस

मुहूर्त दहा वाजून सत्तेचाळीस मिनिटांचा. साडेचारला काम सुरू केलं. केस पुन्हा ओले केले, लोशन मुळापासून टोकापर्यंत आणि मुळाशी वाटाण्याएवढं मूस. बटेची रुंदी रोलरच्या जाडीपेक्षा जास्त घेतली नाही. कपाळापासून टाळूपर्यंतच्या बटा उभ्या वर आणि थोड्या पुढे ओढून गुंडाळल्या, म्हणजे रोलर आपल्याच मुळावर बसतो आणि मूळ उभं वाळतं. मागे गळ्याकडे उतरत जाताना बट तेवढी उचलली नाही, कारण तिथे फुगवटा नको होता. प्रत्येक टोकाला एंड पेपर (टोक गुंडाळायचा पातळ कागद), नाहीतर टोक गळासारखं दुमडतं आणि कितीही विंचरा ते सुटत नाही. रोलर हव्या त्या कर्लपेक्षा एक नंबर लहान घेतले, कारण उतरणार हे धरूनच चालायचं.

पाच दहाला हूड लावला. पाच पस्तीसला वीज गेली.

मे महिन्यात कोकणात वीज जाणार हे मला कळायला हवं होतं. हॉलचा जनरेटर नऊशिवाय सुरू होणार नव्हता, आणि इन्व्हर्टरवर हूड चालत नाही. पंखा चालतो. टेबल फॅन समोर ठेवला, जाळी बांधली आणि मेकअप आधी घेतला. खरं तर तो नंतर घ्यायचा असतो. सहा पन्नासला वीज आली. तोवर वरचे रोलर वाळले होते, मागचे आठ नाही. ओला केस ओळखायची साधी खूण अशी की ड्रायरच्या गरम हवेत सगळे रोलर ऊबदार लागतात आणि जो गार लागतो तो आतून ओला असतो. आणखी पस्तीस मिनिटं हूड मिळाला. त्यातून चार कोरडे झाले. मानेजवळचे चार दमटच राहिले, आणि घड्याळ थांबणार नव्हतं.

वरचे आधी गार केले. गरम असताना रोलर काढला तर सगळं मुसळ केरात. पंख्याखाली पंधरा मिनिटं. पुढचा पफ बोटांनी सोडला. बॅककोंबिंग, म्हणजे फुगवट्यासाठी कंगवा मुळाकडे उलटा फिरवणं, फक्त नव्या केसात, मुळापासून तीन बोटांपर्यंत आणि तेही दोनच थरांत. रिबॉन्डिंग केलेल्या भागात बॅककोंबिंग टिकत नाही, केस निसटतो, आणि जोडाच्या पट्ट्यावर कंगवा उलटा नेला तर तो तुटतो. केसाला बारीक चुण्या पाडणारा गरम क्रिंपर मी मुद्दामच लांब ठेवला होता. मागच्या बटा ठरल्याप्रमाणे गुंडाळून बसवल्या. मानेजवळच्या चार दमट बटा सगळ्यात खाली, घट्ट न ओढता.

एक चूक झाली. मुंडावळ्यांचा विचारच केला नव्हता. ट्रायलला आम्ही मुंडावळ्या बांधल्या नव्हत्या. मामा तिला घेऊन जायला आले तेव्हा कुणीतरी दोरा कपाळावरून ओढून मागे गाठ मारली, आणि दोन तास उभा केलेला पफ कानशिलाजवळ बसला. डावीकडे जास्त. टेल कोंबच्या टोकानं आतून उचलून घेतला, पण फोटोत तो फरक दिसतो. आता मी ट्रायलला सुतळी बांधूनच पाहते.

होमापुढे ती तास-दीड तास बसली. धूर, घाम, गजऱ्यांचं वजन. तरी अंबाडा हलला नाही. स्प्रेवर अक्षता मात्र चिकटल्या त्या चिकटल्याच. अक्षता पडायच्या आधी स्प्रे पूर्ण वाळलेला हवा, हे तेव्हा कळलं.

संध्याकाळ

साडेपाचला पिना काढल्या. मला धाकधूक होती ती मानेजवळच्या चार बटांची. त्यातल्या दोन वाळून सुरेख गोल झाल्या होत्या, डोक्यावरच्या सगळ्यात चांगल्या. ओल्या बसल्या आणि दिवसभर त्याच आकारात राहिल्या, म्हणून. उरलेल्या दोन, अगदी आतल्या, अजून गारच लागत होत्या. त्यांना ड्रायरची कोमट हवा दिली, गार केल्या आणि टोकांना १६० अंशांवर टाँगचा एक वेढा दिला. दिवसभरात टाँग तेवढाच वापरला.

सोडलेले केस विंचरले नाहीत. रुंद दातांच्या फणीनंसुद्धा नाही. मोठ्या बटा बोटांनी दोन-दोनमध्ये सोडवल्या, डोकं खाली घालायला लावून मुळाशी सिलिकाची व्हॉल्यूम पावडर थोडीशी टाकली आणि बोटांच्या पेरांनी हलवली. स्प्रे हातभर अंतरावरून, दोन पातळ थर, मध्ये वाळायला वेळ देऊन. जवळून एकच जाड थर मारला तर केस ओला होतो आणि त्या ओलाव्यानंच कर्ल पडतो.

साडेसहाला दोऱ्याचं माप दोन विती भरलं. दहा वाजता, जेवणं झाल्यावर, मी मुद्दाम जाऊन मोजलं. नवरी हसत होती, नवरदेव गोंधळलेला. उजवीकडे तीन बोटं उतरली होती, मागे चार, डावीकडे पाच. डावी बाजू समुद्राकडच्या उघड्या दाराशी होती आणि ती संध्याकाळभर त्याच अंगानं उभी होती. पफ मात्र तसाच होता, कारण तो तिच्या स्वतःच्या केसावर उभा होता.

फोटोतल्या मुलीसारखे घट्ट कर्ल आले का? नाही आले. मोठ्या सैल लाटा आल्या. नवरीच्या आईला त्या जास्त आवडल्या, नवरीला थोड्या कमी. हे मी पहिल्याच भेटीत सांगून ठेवायला हवं होतं.

त्यानंतर

तिसऱ्या दिवशी ती पूजेसाठी आजीकडे आली तेव्हा मीच जाऊन केस सोडवले. लोशन आणि स्प्रे कोरड्या केसातून फणीनं काढायचा प्रयत्न केला की तुटतं ते तेव्हाच. आधी भरपूर पाणी, मग कंडिशनर, मग टोकाकडून वर बोटांनी, शेवटी शॅम्पू. न्हाणीच्या जाळीवर जमलेला गुंतवळ पाहिला. जोडाच्या पट्ट्यावर तुटलेले, म्हणजे मुळाची गाठ नसलेले आखूड केस बोटांवर मोजण्याइतके होते. टच-अप केलं असतं तर किती असते याचा अंदाज मला आहे.

अक्षतांचे तीन दाणे निघाले. आजी पाटावर बसल्या होत्या, खोबरेलाची वाटी कोमट करून.

"आता तरी?" त्यांनी मला विचारलं.

"आता घाला, आजी."